पोथीची अंगडी

घोडेगावात माझ्या पाठीमागे लोक मला ‘पुठ्ठेवाल्या बाई’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पाठीमागे म्हणजे फार मागे नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली तोंडावरच म्हणते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पोरांच्या दोन पिढ्या हाताखालून गेल्या, आणि नाव पडलं ते पुठ्ठ्यांवरून. आमच्या ह्यांना तर आयतं कोलीतच मिळालं. घरी पाहुणे आले की माझ्या कपाटाकडे बोट दाखवून सांगतात, “लोक पुस्तक वाचतात. आमच्या घरात त्याचं लुगडं बघतात.”

खोटं नाही ते. माझ्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत आणि त्यातली निम्मी मी वाचलेली नाहीत, वाचणारही नाही. एक कुठल्याशा जुन्या संस्थानातल्या जकातीच्या नियमांचं आहे, एक घोड्यांच्या रोगांवर आहे, एक कसलंसं इंग्रजी गणित आहे. पण त्या जकातीच्या नियमांना जे तांबूस कातडं चढवलंय आणि त्याच्या कडेने जी सोनेरी वेल फिरवलीय, ती बघितली की माझी भूक-तहान हरपते. जकात कुणाला किती बसली याच्याशी मला काय करायचंय? ती वेल काढणारा माणूस कुणीतरी होता, त्याने पितळी ठसा तापवला, वर्खावर दाबला, आणि नेमक्या क्षणी उचलला. जरा उशीर झाला असता तर कातडं जळलं असतं. ते जळलेलं नाही, एवढं मला पुरतं.

सुरुवात रागातून झाली. माझ्या बहुतेक गोष्टींची रागातूनच होते. मी नोकरीला लागले त्या शाळेत ग्रंथालयाची जुनी पुस्तकं बाइंडिंगला टाकली होती. परत आली ती सगळी काळ्या रेक्झिनमध्ये, पाठीवर पांढऱ्या शाईने नंबर. कोण कुठलं ओळखू येईना, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखी सगळी एका रांगेत. जुन्या वेष्टनांचं काय केलं म्हणून विचारलं तर कळलं, परसात टाकलीत, बंबात घालायला. जाऊन बघते तो एका ढिगात कापडी पुठ्ठे, त्यांवर सोनेरी मोर, कमळं, एकावर तर जहाज. बक्षिसाच्या पुस्तकांना पूर्वी असली वेष्टनं घालत. मी पदर खोचून तो सगळा ढीग घरी आणला. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, “बंबासाठी आणलंस का? बरं केलंस.” त्या दिवशी घरात जे भांडण झालं ते अजून गल्लीला आठवतं.

मग मी शिकले. जुन्नरच्या बाजारात एक बाइंडर होते, अत्यंत तिरसट. रविवारी पिंपळवंडीला माहेरी जाते असं सांगून मी निघायची आणि वाटेतून जुन्नरला जाऊन त्यांच्या दुकानात बसायची. खळ, म्हणजे चिकटवायची पेज, शिजवताना तीत मोरचूद किती घालायचा म्हणजे कसर लागत नाही. जुजबंदी कशी करायची, म्हणजे पानांच्या घड्या एकेक करून एकाच दोऱ्याने एकमेकींत कशा गुंतवायच्या. पुस्तक दाबायचा शिकंजा किती आवळायचा — हे त्यांनी मला न शिकवता शिकवलं. मी विचारलं की ते गप्प बसत, चुकलं की ओरडत. आमचं छान जमलं.

त्यांच्याच दुकानात मला कळलं की आपण बसलोय ते गाव एके काळी कागदाचं गाव होतं. जुन्नरी हातकागदावर पेशवाईत कारभार चालला म्हणतात. मात्र त्या कागदाला आजच्यासारखं पुस्तक होणं ठाऊक नव्हतं. आपली पोथी म्हणजे सुटी पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. त्या रुमालाला बासन म्हणायचं. शिवण नाही, कणा नाही. कातडी बांधणी आली ती फारसी पुस्तकांबरोबर, बाजूला पाकिटासारखी झडप असलेली. आतल्या अस्तराला अबरी कागद, पाण्यावर रंग सोडून त्यावर टिपलेला, ढगासारख्या रेघांचा. पुढे छापखाने आले, साहेबाची पद्धत आली, कण्यावर आडवे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये सोनेरी फुलं आली. श्रीमंतांच्या देवघरातली छापील पोथीसुद्धा अशी कातड्यात नटून बसू लागली. हे सगळं मी ऐकलेलं आणि चाचपडून जमवलेलं; विद्यापीठात जाऊन नाही. पेठच्या एका भंगारवाल्याकडे मला झडपेची बांधणी मिळाली, आतलं पुस्तक गायब, नुसतं कवच. तो म्हणाला, “बाई, रिकामं पाकीट कशाला नेता?” मी म्हटलं, “भरलेलं पाकीट तुम्ही तरी कधी बघितलंयत का?” तो अजून मला ओळख देतो.

एवढी प्रस्तावना पुरे. मला सांगायचंय ते एका पोथीचं.

दोन-तीन वर्षांपूर्वी, होळी झाल्यावर, डोंगराकडच्या एका गावातून दोन माणसं माझ्या दारात आली. घोडेगावहून पश्चिमेला जी एसटी सुटते तिच्या शेवटच्या थांब्याचं ते गाव. भात आणि नाचणीवर जगणारं. एक होते साठीपुढचे बाबा. श्रावणात महिनाभर संध्याकाळी देवळात पोथी वाचतात ते. दुसरी होती माझ्याच वयाची एक बाई, काळीसावळी, कडक. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं, आणि पाणी प्यायलासुद्धा ते तिने खाली ठेवलं नाही.

“बाई, पोथी उघडंना झालीया,” बाबा म्हणाले. “दोघांनी दोन बाजूंनी धरायची आन् तिसऱ्यानं वाचायची, अशी गत हाये. पानं निखळाया लागली. श्रावणापत्तूर कायतरी करा.”

गाठोडं सुटलं आणि मला आधी हसूच आलं. पोथी कसली, लहान मुलाची उशी होती ती. वरून जांभळं चमकदार कापड, भोवती धावदोऱ्याचे टाके गोधडीला असतात तसे ओळीने घातलेले. त्या कापडाखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं. कडेला बोट लावलं तर नुसते थर. आणि चारही कोपरे उंदरांनी कुरतडलेले.

त्यांच्या गावची रीत अशी की ज्या साली गावातली मुलगी उजवायची असेल, त्या सालच्या श्रावणाच्या समाप्तीला तिने पोथीला अंगडं घालायचं. अंगडं म्हणजे आपण तान्ह्या बाळाला घालतो ते. पोथीच्या कापडाला त्यांचा तोच शब्द. मुलीने स्वतःच्या हाताने शिवायचं. एका साली दोघीतिघी असल्या तर तुकडे जोडून एकच अंगडं करायचं. आणि आधीचं काढायचं नाही, त्याच्यावरच नवं घालायचं.

“काढत का नाही?” मी विचारलं.

बाबांना प्रश्न कळलाच नाही. “द्येवाच्या अंगावरचं काढून टाकायचं कुटं?”

कापडं लोंबतात म्हणून पुरुषांनी दरवेळी आतून भरपूर खळ लावलेली. डोंगरातला पावसाळा, दमट देऊळ, एका साली वादळाने वरचे पत्रे उडाले तेव्हा पोथी भिजलेली — सगळे थर मिळून एक जाड साल झाली होती. पुस्तक बिचारं आत गुदमरलेलं. कण्यावर इतका जाड थर आला की पोथी उघडायला गेलं की शिवणीवरच ताण यायचा आणि जुजबंदी तुटायची.

पण उंदरांचं कोडं राहिलंच होतं. मी कुरतडलेला कोपरा दाबून बघितला तर आतून चुरा गळाला. तांदळाचा.

“हे तांदूळ कशाला?”

“पोटाला,” ती बाई पहिल्यांदाच बोलली.

“कुणाच्या?”

“पोथीच्या. नवं अंगडं घातलं की एका कोपऱ्यात चार दाणं शिवायचं. गोधडीलाबी आमी घालतो. उपाशीपोटी ठिवायचं व्हय कुनाला?”

मी कपाळावर हात मारला. जगात पुस्तकांना कसर, वाळवी, बुरशी लागू नये म्हणून लोक काय काय करतात, आणि ही मंडळी पुस्तकाला जेवायला घालत होती! “अहो, पोथीला वाढलंत, मग उंदीर पंगतीला बसणारच,” मी म्हटलं. बाबा खो खो हसले. ती हसली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “पोथी नीट करा. पर कापडं फाडू नका. माझ्या लेकीचं हाये त्यात. हिरवं खणाचं.”

तिची ती एकुलती मुलगी. पलीकडच्या खोऱ्यात दिली होती आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तापाने गेली. नदी-ओढे भरलेले, निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मुलीचे कपडे रीतीप्रमाणे तिकडेच देऊन टाकलेले. लग्नाचा एक फोटो होता, तो पुढे घर गळलं त्यात ओला झाला आणि मुलीचा चेहराच नेमका उडाला. नवरा तेवढा शाबूत. “त्याला घिऊन काय करू?” ती म्हणाली. हे तिने रडत नाही, चिडून सांगितलं, आणि मला ती एकदम जवळची वाटली.

थोडक्यात, मुलीच्या हातचं या जगात उरलेलं जे काही होतं, ते त्या उशीच्या पोटात कुठेतरी होतं. दर श्रावणात ती देवळात पोथीसमोर बसायची. आत हिरवं आहे हे तिला माहीत होतं. दर एक-दोन वर्षांनी त्यावर एक नवं अंगडं चढत होतं आणि हिरवं आणखी खोल जात होतं.

मी पोथी ठेवून घेतली. पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघं परत आली तेव्हा त्यांच्यासमोरच काम सुरू केलं. आधी पुस्तक वाचवायचं होतं. पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजूला कापडं जिथे दुमडून चिकटवली होती, तिथे मी बोथट पट्टी घालून कडा सोडवल्या. आतल्या कडेला खळ कमी पोचली होती. तासा-दीड तासात अख्खी साल, सगळ्या थरांसकट, नारळाची करवंटी निघावी तशी एकसंध बाहेर आली.

आणि मी खालीच बसले.

खाली कातडं होतं. गडद डाळिंबी, लोण्यासारखं मऊ. कडेने सोन्याची दुहेरी वेल, मध्यभागी टोकदार पाकळ्यांचं पदक, कण्यावर पाच उंचवटे आणि प्रत्येक घरात एक छोटं कमळ. माझ्या कपाटातलं सगळं एका पारड्यात आणि हे एका पारड्यात. आणि सोनं कसं, आज सकाळी लावल्यासारखं! मोठ्या लोकांच्या कपाटातल्या बांधण्या उजेडाने विटतात, हातांनी झिजतात. ही मात्र किती पिढ्यांच्या पोरींनी अंगडी घालून अंधारात झाकून ठेवलेली. मला आनंदाने रडू आलं, सांगायला लाज कसली. हे आतून चहा घेऊन आले, मला असं जमिनीवर बसलेलं बघून म्हणाले, “झालं! हिला लुगडं सापडलं.”

बाबांचा चेहरा मात्र उतरला होता.

“बाई, हे चामडं हाये?”

“हो.”

“म्हंजी आमी इतकी वर्सं…” त्यांनी हात मांडीला पुसले. “गावात कळलं तर पोथी चौरंगावर ठिवू देनार न्हाईत.”

माझ्या डोक्यात वाईट विचार येऊन गेला हेही सांगते: चौरंगावर नको असेल तर माझ्या कपाटात जागा आहे. तेवढ्यात ती बाई फटकन म्हणाली, “पखवाजाला काय पत्रा लावलाय व्हय? त्यो वाजतोच की द्येवाम्होरं!”

“त्येबी खरंच,” बाबा म्हणाले, आणि चहा घेतला. विषय संपला. जुन्या पद्धतीत वर्ख चिकटायला कातड्यावर आधी अंड्यातला पांढरा भाग लावतात, हे मात्र मी सांगितलं नाही. प्रत्येक खऱ्याची एक वेळ असते.

पोथीची जुजबंदी मी पुन्हा केली, निखळलेली पानं बारीक कागदाने सांधली, कातडं पुसून घेतलं. हे काम मला येत होतं, झालं. प्रश्न उरला त्या सालीचा. ती तशीच, एकसंध ठेवली असती तर कायमची टिकली असती. पण हिरवं दिसलं नसतं. थर सुटे करायचे तर खळ ओली करावी लागणार. ओलं केलं की जुने कच्चे रंग वाहणार. कोरडं ओढलं तर कापड फाटणार. खण तर आधीच नाजूक.

मी त्या बाईला हे सगळं सरळ सांगितलं. वर्गात पोरांना समजावायची तसं, दोनदा. “उघडलं तर कदाचित दिसेल, कदाचित हातात नुसता चुरा येईल. नाही उघडलं तर आहे तसं आत राहील. तुम्ही सांगाल तसं करू.”

ती बराच वेळ सालीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. तिथे थरांच्या कडा दिसत होत्या, पण हिरवी रेघ कुठे ओळखू येत नव्हती. सगळ्याच कडा काळ्या पडलेल्या.

“आत हाये आत हाये म्हनत आतापत्तूर वर्सं काढली,” ती म्हणाली. “उघडा. पर मी असताना.”

मग उन्हाळाभर ती दर बाजाराला येत राहिली. सकाळच्या एसटीने यायची, दुपारच्या एसटीने जायची. मी टीपकागद भिजवून घट्ट पिळायची, तो थराच्या कडेवर ठेवायची, खळ नुसती नरमली की हाडाची पट्टी सरकवायची. बोटभर सुटलं की थांबायचं. इतका सोशिकपणा माझ्यात कुठून आला म्हणून हे घरात येता-जाता माझ्याकडे संशयाने बघत. सहकाऱ्यांपासून सासूपर्यंत कुणालाच माझ्यात तो कधी दिसला नव्हता.

वरची जांभळी साटीन सुटली. तिच्याखाली फुलाफुलांचं नायलॉन. मग टेरिकॉट, मग चक्क शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. प्रत्येक थर सुटला की ती बाई सांगायची कोणाचं ते. “ही वरल्या आळीची. आता नारायणगावात भाजीचा गाळा हाये तिचा.” “ही लई भांडकुदळ, टाकं बघा कसं वढून वढून घातल्यात.” “हिला शिवाया येत नव्हतं, तिच्या आयनं शिवलंय, पर कुनाला सांगू नका.” मी नुसता टाका बघून दोन हात वेगळे आहेत एवढं ओळखत होते, तिला त्या टाक्यांमागची पोरगी ठाऊक होती. आम्ही दोघी त्या सालीवर वाकून अख्ख्या गावाची निंदानालस्ती करत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. सोन्याच्या वेलीवरून मी आयुष्यभर बोलले, पण ती वेल काढणाऱ्याला भाऊ होता का, तो भांडकुदळ होता का, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

ज्येष्ठ लागला. आभाळ यायला लागलं. डोंगरात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते, आता पेरणीमुळे ती फार दिवस येऊ शकणार नव्हती. त्या बाजाराला टीपकागद उचलला तर त्यावर फिकट हिरवा डाग होता.

माझ्या हातातली पट्टी थांबली. ती बाई जवळ सरकली.

रंग वाहत होता, म्हणजे आता ओलं करणं शक्य नव्हतं. कोरडंच, एकेक धागा सोडवत जायचं. मी सुईच्या टोकाने वरचा थर उचलत गेले. मधोमध पोचले आणि जे व्हायला नको तेच झालं. तिथे खळीचा गोळा होता. वरच्या कापडाबरोबर खणाचा तळहाताएवढा तुकडा उचलला गेला आणि त्याची भुकटी झाली. हिरवी पूड माझ्या बोटांना लागली. मी सुई खाली ठेवली.

“थांबू का?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या, जायाचंच हुतं त्ये,” ती म्हणाली. “म्होरं चला.”

बाकीचा खण निघाला. विरलेला, पण निघाला. जरीच्या काठाचा, बारीक चौकड्यांचा. त्यावर मुलीचे टाके: पहिल्या दोन ओळी सुबक, सरळ, मग ओळ जराशी वर चढलेली, मग टाके मोठे मोठे होत गेलेले. ती बाई त्या ओळीवरून बोट फिरवत होती, न टेकवता, वरूनच.

खणाचा दाणे शिवलेला कोपरा उंदरांनी सोडला होता. वरच्या थरांत कुरतडाकुरतड आणि हा एक त्रिकोण जसाच्या तसा. तो का सोडला असेल ते मला कळेना. तिने नजरेनेच सांगितलं, म्हणून मी टाके उसवले आणि कोपरा तिच्या तळहातावर रिकामा केला.

तांदूळ नव्हते. टरफलासकट भाताचे दाणे होते, अख्खी साळ, न कांडलेली. म्हणून टिकली होती.

ती तळहाताकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली. माझ्यावर नाही. “कांडायचा कंटाळा! बघा, बघा बाई! म्या सांगितलं हुतं, चार दानं उखळात घाल, दोन घाव घाल. ‘घातलं गं आये’ म्हनाली. घातलं म्हनं! तशीच भरली की गं साळ, चेटके! देवाच्या तोंडात टरफल घालतीस? सासरी काय नाव काढशील माझं?”

आतून हे धावत आले, काय झालं म्हणून. मी हातानेच त्यांना थांबवलं. ती भांडत होती, पदर सावरत, दाण्यांकडे बोट नाचवत, आणि मुलगी समोर मान खाली घालून उभी असावी इतकं ते खरं होतं. मग ती हसायला लागली. “लई आळशी व्हती वो,” मला म्हणाली, “लई म्हंजी लई आळशी.” आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती माझ्या खांद्यावर कोसळली. मीही रडले. जिला मी कधी बघितलं नाही, तिच्यासाठी रडले. फोटोत चेहरा उडाला होता, पण पोरगी सापडली होती.

श्रावणाच्या आधी बाबा आणि ती, दोघं पोथी न्यायला आली. मी सगळी अंगडी पुन्हा क्रमाने एकावर एक ठेवून सैल टाक्यांनी जोडली होती, पण आता पुस्तकाला चिकटवलेली नव्हती; जुन्या पोथीला असतं तसं त्यांचं बासन केलं होतं. वाचताना सोडायचं, वाचून झालं की गुंडाळायचं. नवीन मुलींना वरून घालायला वाटेल तेवढी जागा होती. फक्त हिरवं मी बाजूला काढून पातळ मलमलीवर टाचून ठेवलं होतं. बाबांना विचारूनच. ते म्हणाले होते, “तिचं हाये, ती न्हेईल. गाव काय बी बोलायचं न्हाई.”

मी ते तिच्यापुढे ठेवलं. “ताई, हे तुम्ही घरी न्या.”

तिने दोन्ही हातांनी ते उचललं, छातीशी धरलं. मला वाटलं, झालं, आता हे पिशवीत जाईल. तिने ते परत खाली ठेवलं आणि मधल्या थरांमध्ये त्याची जागा कुठे होती ते शोधायला लागली. भांडकुदळ मुलीच्या खाली, जिच्या आईने शिवून दिलं होतं तिच्याही खाली.

“घरी न्हेलं तर मी एकलीच बघीन आन् रडत बसंन,” ती म्हणाली. “हितं तिच्या मैतरिनी हायेत. श्रावणात समदं गाव पोथी ऐकतंय. तिलाबी ऐकू दे.”

साळीचे दाणे तिने तिच्या कनवटीला बांधून आणले होते. ते तिने त्या कोपऱ्यात परत भरले, टरफलासकट, आणि माझ्याकडे सुई मागितली. तिला आता जवळचं दिसत नाही, म्हणून दोरा मी ओवून दिला. टाके तिने घातले.